आठवणींचा सातबारा

एस. टी.च्या वेळापत्रकात ज्यांची नोंद नसते असे पुष्कळ थांबे प्रत्येकाच्या प्रवासात असतात. गाडी तेथे थांबत नाही, कंडक्टर घंटी वाजवीत नाही, कोणी चढत नाही की उतरत नाही. तरी एखादे वळण येते, एखादा वड दिसतो, बंद पडलेल्या एखाद्या खानावळीची गंजलेली पाटी डोळ्यांपुढून सरकते, आणि शेजारी बसलेला माणूस बोलता बोलता एकाएकी गप्प होतो. तो तेथे उतरलेला असतो. आसनावर राहिलेला असतो तो त्याचा देह. पुढचे गाव येईपर्यंत त्याला हाक मारण्यात अर्थ नसतो. दिवाळीच्या सुट्टीत ज्यांनी घरातल्या वडील मंडळींना मोटारीत पुढच्या जागेवर बसवून लांबचा प्रवास केला असेल, त्यांना हे सांगायला नकोच. दर चार-पाच कोसांवर ‘इथे पूर्वी…’ अशी सुरुवात होते आणि मागच्या आसनावर मुले एकमेकांकडे पाहून हसतात.

हसावे, त्याला हरकत नाही. परंतु हसून झाल्यावर एक प्रश्न शिल्लक राहतो, आणि तो वाटतो तितका साधा नाही. ‘इथे पूर्वी आमचे होते’ असे जेव्हा माणूस म्हणतो, तेव्हा तो नुसती बातमी सांगत असतो की काही हक्क सांगत असतो? जागेची आठवण असणे म्हणजे त्या जागेवर काही अधिकार असणे काय? आणि तसा अधिकार असेलच, तर आज जो त्या जागेवर राहतो, चूल पेटवतो, दारात रांगोळी घालतो, त्याने त्या आठवणीचे काय करायचे? सातबाऱ्याच्या उताऱ्यावर मालकाचे नाव असते, कुळाचे असते, विहिरीची आणि झाडांची नोंद असते. आठवणीचा रकाना मात्र त्यावर नसतो. तो असायला हवा होता काय?

मला हा प्रश्न पडावा याला माझा पत्ताच कारण आहे. मी राहतो नव्या मुंबईत, कोपरखैरण्यात. आणि गाव कोणते असे कोणी विचारले तर मला पाण्याकडे बोट दाखवावे लागते. सातारा जिल्ह्यात जावळीच्या खोऱ्यात, कोयनेच्या काठी आमची वस्ती होती. १९६४ साली कोयनेचे धरण पुरे झाले, शिवसागर भरला, आणि पन्नासएक किलोमीटर लांबीच्या त्या जलाशयाखाली नदीकाठची गावेच्या गावे गेली. कोणी घाट उतरून कोकणपट्टीकडे गेले, कोणी दूर दुसऱ्या तालुक्यांत गेले, कोणी डोंगराच्या अंगाने पाण्याच्या वर तेवढे सरकले. आमचे घर सरकलेल्यांपैकी. माझा जन्म त्या वरच्या वस्तीतला, पाणी भरल्यानंतरचा. म्हणजे जे गाव मला ‘आठवते’ ते मी कधी पाहिलेले नाही! देवळापुढची दीपमाळ, नदीचा डोह, भाताची खाचरे, आमच्या परसातला फणस, हे सारे मला आबांकडून मिळाले. बापाकडून मुलाकडे जमीन येते, कर्ज येते, नाक-डोळे येतात. तशी आठवणही येते. माझ्या वाट्याला जमीन आली नाही. आठवण तेवढी आली.

आबा, म्हणजे माझे वडील, मुंबईत मशीद बंदरच्या बाजारात माथाडी होते. माथ्यावर ओझे वाहतो तो माथाडी. जावळी-पाटणच्या डोंगरातल्या किती तरी घरांतला कर्ता माणूस तेव्हा असाच मुंबईला असे. गावकीच्या एका खोलीत वीस-पंचवीस जणांच्या वळकट्या, एका भिंतीला एक ट्रंक, आणि महिन्याकाठी घरी मनीऑर्डर. १९६९ साली माथाडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि या मंडळींच्या कष्टाला प्रथमच हिशेब लाभला. पुढे १९८० नंतर मुंबईतले घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने खाडीपलीकडे, तुर्भ्या-वाशीच्या बाजूला आले. बाजारापाठोपाठ माथाडीही आला आणि कोपरखैरण्यात त्याला स्वतःचे घर मिळाले. घर लहान, पण त्याच्या दाराला स्वतःचे कुलूप होते. आबांनी ते कुलूप पहिल्या दिवशी चार वेळा लावून पाहिले आणि चार वेळा उघडून पाहिले.

दर दिवाळीला आम्ही एस. टी.ने गावी जात असू. तो रस्ता आबांनी मला शिकवला. शिकवला हेच क्रियापद बरोबर आहे, कारण प्रत्येक ठिकाणी एक धडा ठरलेला असे आणि एकही धडा ते वगळीत नसत. पनवेलच्या स्थानकावर गाडी भरली की ते सरसावून बसत. खोपोली आली की डोंगरावरून उतरणारे ते मोठमोठे नळ दाखवीत. लोणावळ्याकडच्या तलावांचे पाणी त्या नळांतून खाली येते आणि वीज होते. तेथले वीजघर १९१५ सालचे. “मुंबईचा पहिला उजेड डोंगरातल्या पाण्याचा हाय,” असे ते म्हणत. इतिहासाच्या काटेकोर तराजूत हे वाक्य थोडे उणे उतरेल. पण ते म्हणणाऱ्याचे स्वतःचे घर दुसऱ्या एका वीजघरासाठी बुडाले होते हे लक्षात घेतले, म्हणजे त्याचे वजन कळते.

मग बोरघाट. जुन्या रस्त्याने जाताना घाटात शिंगरोबाचे देऊळ लागे. इंग्रजांना घाटातून रेल्वेची वाट सापडत नव्हती; शिंगरोबा नावाच्या धनगराने ती दाखवली; बक्षीस काय हवे म्हणून विचारले तेव्हा त्याने आपल्या मुलखाचे स्वातंत्र्य मागितले आणि गोळी मिळवली, अशी कथा तेथे सांगतात. ड्रायव्हर वेग कमी करी, कोणी तरी खिडकीतून नाणे टाकी. मला लहानपणी वाटे, हे नाणे कशाचे? नवस तर कोणी बोललेला नसे. आज वाटते, ते वाटेचे भाडे असावे. ज्याच्या पायाखालून ही वाट निघाली त्याला, वाट वापरणाराने द्यायचे दोन पैसे! २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाला आणि बहुतेक मोटारी शिंगरोबाला चुकवून जाऊ लागल्या. द्रुतगती मार्गावर टोल भरावा लागतो, आणि त्याची पावती मिळते. शिंगरोबाच्या नाण्याची पावती मिळत नसे.

घाटाच्या वरच्या अंगाला एक जुना दगडी पूल होता. त्याच्यावर कधी काळी एका वेदनाशामक मलमाची जाहिरात होती म्हणून सारे त्याला अमृतांजन पूल म्हणत. १८३० साली, मुंबईचा गव्हर्नर माल्कम याच्या कारकिर्दीत, बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला. हा पूल त्या काळचा. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीने रस्ते ओस पडलेले असताना, तो सुरुंग लावून पाडला. वाहतुकीला त्याचे खांब अडचणीचे होते आणि अपघात होत होते. पाडणे गैर होते असे मला म्हणता येणार नाही. परंतु वृत्तपत्रात ते चित्र पाहून किती तरी माणसे हळहळली. त्यांतल्या एकाचाही त्या पुलावर कायद्याने हक्क नव्हता. मग ती कोणत्या नात्याने हळहळली? पुलाखालून ती अनेकदा गेली होती, त्याच्या सावलीत कधी तरी मोटार तापली म्हणून थांबली होती, आणि तेवढ्याने तो पूल त्यांचा झाला होता!

लोणावळ्याला आबा चिक्की घेत आणि मुळशीची गोष्ट सांगत. १९२१ साली मुळशीच्या मावळ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट त्या लढ्यात ‘सेनापती’ झाले आणि जन्मभर त्याच नावाने ओळखले गेले. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती आणि मावळ्यांना आपली खाचरे हवी होती. अखेर धरण झालेच. ही गोष्ट सांगताना आबांचा स्वर कधी चढत नसे. ते शेवटी एवढेच म्हणत, “त्यांच्याकडं सेनापती तरी व्हता.” पुढे पुणे, कात्रज, आणि मग शिरवळला नीरा. नीरा ओलांडली की सातारा जिल्हा. पुलावर गाडी आली की आबा टोपी काढून हात जोडीत आणि नदी ओलांडून होईपर्यंत बोलत नसत. ज्यांचे गाव नदीने घेतले, त्यांनी दुसऱ्या नदीला इतक्या भक्तीने हात जोडावे, याचे मला फार दिवस नवल वाटत असे.

आबा गेल्याला आता पुष्कळ वर्षे झाली. मोटार मुलगा चालवतो. मागच्या आसनावर नातू असतो, आणि ‘इथे पूर्वी’ म्हणण्याची पाळी माझी आहे. साताऱ्याहून यवतेश्वर, कास असे करीत आम्ही बामणोलीला उतरतो. दिवाळीत कासची फुले संपलेली असतात, गवत पिवळे पडलेले असते आणि खाली शिवसागर काठोकाठ भरलेला असतो. उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी ओसरते तेव्हा कोठे कोठे जुन्या घरांची जोती, देवळाचे दगड उघडे पडतात, आणि मुंबईहून मुद्दाम माणसे येऊन आपल्या उंबऱ्यावर क्षणभर बसून जातात. दिवाळीत यांपैकी काही दिसत नाही. दिसते ते एक फार सुंदर सरोवर. नावांवर पर्यटकांची गर्दी असते. कोणाला वासोट्याला जायचे असते, कोणाला छायाचित्रे काढायची असतात. “काय सुंदर जागा आहे!” असे ती म्हणतात. ती खरेच बोलतात. जागा सुंदर आहेच.

मागल्या खेपेला नावाडी आमच्या खोऱ्यातलाच निघाला. पाण्याच्या मध्यावर आल्यावर त्याने यंत्र बंद केले आणि नातवाला बोट दाखवून एकेक नाव सांगू लागला. हे अमक्याचे शेत, ही पाणवठ्याची वाट, ही चावडी, येथे बाजार भरायचा. नावाडी चाळिशीचा होता. त्यानेही यांतले काही पाहिलेले नव्हते. तरी त्याचे बोट कोठे अडखळले नाही. नातू पाण्यात वाकून पाहू लागला. त्याने मला विचारले, “आजोबा, मग हे आपले आहे ना? आपण परत मागू शकतो का?”

मुलांचे प्रश्न टाळता येत नाहीत. त्याला मी तेव्हा काय उत्तर दिले ते येथे सांगत बसत नाही; नावेत बसून लहान मुलाला जेवढे सांगता येते तेवढेच ते होते. पण त्या प्रश्नाचे सरळ उत्तर देण्याचा प्रयत्न तरी करू या.

एक उत्तर असे की, होय, जो आठवतो त्याचा हक्क असतो. हे उत्तर ऐकायला गोड आहे. पण ते थोडे पुढे नेऊन पाहावे. आमच्या आधी त्या खोऱ्यात दाट रान होते. आमच्याच कोण्या पूर्वजाने कुऱ्हाड चालवून, राब जाळून तेथे नाचणीचे शेत केले. त्या रानात ज्यांची शिकार होती, ज्यांचा देव एखाद्या झाडाखाली होता, त्यांची आठवण आम्ही कधी विचारली? आठवणीने जमीन मिळू लागली, तर प्रत्येक जमिनीला एकाखाली एक असे सात वारस निघतील आणि जगात कोणाला एक वीट रचता येणार नाही. आणि नुसते वीट रचण्याचे राहील असेही नाही. पृथ्वीच्या पाठीवर अशी भूमी आहे की जिच्यावर दोन लोक दोन आठवणी घेऊन उभे आहेत, दोन्ही आठवणी खऱ्या आहेत, आणि त्या खरेपणापायीच पिढ्यान् पिढ्या रक्त सांडत आहे. ज्या आठवणीला दुसऱ्याची आठवण सहन होत नाही, ती पवित्र असली तरी भयंकर असते.

दुसरे उत्तर याच्या उलट. आठवण म्हणजे भावना. भावनेला मोबदला नसतो. ज्याच्याजवळ कागद आहे त्याने पैसे घ्यावे आणि मोकळे व्हावे. सरकारी कचेऱ्यांना हे उत्तर सोयीचे असते आणि बऱ्याचदा तुम्हा-आम्हालाही. परंतु कागद कोणाजवळ असतो? ज्याच्या नावे जमीन असते त्याच्याजवळ. गावातल्या भूमिहीन मजुराजवळ नसतो. बलुत्यावर जगणाऱ्याजवळ नसतो. त्याचे शेत म्हणजे अख्खा गाव, आणि गाव मोडला की त्याचे सारेच गेले. खाडीत जाळे टाकणाऱ्या कोळ्याजवळही नसतो, कारण खाडीचा सातबारा निघत नाही. अशांच्या हाती पुरावा म्हणून एकच गोष्ट उरते: ‘आम्ही येथे होतो’ ही आठवण. ती नुसती भावना ठरवली, की ही माणसे येथे कधी नव्हतीच असे ठरते.

१९६४ साली, आमच्या खोऱ्यात पाणी चढले त्याच साली, दूर इजिप्तमध्ये नाइल नदीवर आस्वानच्या धरणासाठी एक मोठे काम सुरू झाले. अबू सिंबेल येथील हजारो वर्षांची देवळे पाण्याखाली जाणार होती. साऱ्या जगाने पैसा उभा केला, देवळे कापून त्यांचे दगड उचलले आणि उंचावर पुन्हा जशीच्या तशी जोडली. १९६८ पर्यंत ते काम पुरे झाले. माणसाच्या हातून क्वचित घडणारे असे ते थोर काम आहे. पण त्याच पाण्यासाठी इजिप्त आणि सुदानमधील मिळून सुमारे एक लाख न्यूबियन लोकांना आपली गावे सोडावी लागली. त्यांची रंगवलेली मातीची घरे उचलून उंचावर ठेवण्याचे कोणाच्या मनात आले नाही. दगडाच्या राजाची आठवण जगाची ठरली. न्यूबियन आजीच्या उंबऱ्याची आठवण तिची एकटीची राहिली. सिमोन वेल या फ्रेंच विदुषीने १९४३ साली लंडनमध्ये, मायभूमी शत्रूच्या हाती असताना, मुळांविषयी एक ग्रंथ लिहिला. तो तिच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. माणसाच्या आत्म्याला अन्नासारख्या काही गरजा असतात आणि कोठे तरी मुळे रुजलेली असणे ही त्यांतली बहुधा सर्वांत महत्त्वाची गरज, असे तिचे म्हणणे. ही गरज राजाला असते तशी आजीलाही असते.

आजीचा उल्लेख आला म्हणून माझ्या शेजारची गोष्ट सांगतो. कोपरखैरणे हे नाव आज रेल्वेस्थानकावर आहे, बसच्या पाटीवर आहे. पण ते आधी गावाचे नाव. मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवे शहर वसू लागले. त्याआधी या बाजूला आगरी-कोळ्यांची वस्ती, भाताची शेते, मिठागरे आणि खाडी. शहराने गावांची नावे ठेवली, जमिनींना मात्र सेक्टरांचे आकडे दिले. मूळचे गावठाण अजून आहे. इमारतींच्या दाटीत, अरुंद गल्ल्यांचे, गावदेवीचे. तेथल्या एका वृद्ध आगरी आजीशी माझी ओळख झाली ती माघातल्या एका उत्सवात. आमची इमारत कोणत्या सेक्टरात, असे तिने विचारले. मी आकडा सांगितला. तिला आकड्याचा बोध होईना. मग मी शाळा, बाग, पाण्याची टाकी अशा खुणा सांगितल्या. तेव्हा तिचे डोळे चमकले. ती जागा तिच्या माहेरच्या खाचराची होती. कोणत्या बांधावर खेकडे सापडत, भरतीचे पाणी कोठवर येई, लावणीच्या वेळी कोण कोण असे, हे तिने मला सविस्तर सांगितले. सांगून झाल्यावर विचारले, “न तुजा गाव कंचा?”

मी सांगितले की माझे गाव धरणाच्या पाण्याखाली आहे.

आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “तुजा गाव पान्याखाली गेला, आमचा भरावाखाली. ह्यो काय न त्यो काय!” आणि हातावर प्रसादाचा नारळ ठेवला.

मी या प्रसंगाचा पुष्कळ विचार केला आहे. माझ्या घराखाली जिच्या बापाचे शेत आहे, तिने मला उठ म्हटले नाही. आणि तिने आपली आठवणही गिळली नाही. पुरी सांगितली, बांधासकट सांगितली. तिला माझ्याकडून काय हवे होते? मला वाटते, मी ऐकावे एवढेच हवे होते. आठवणीने मालकी मिळत नाही, पण साक्ष देण्याचा अधिकार मिळतो. आणि जेथे साक्ष देण्याचा अधिकार आहे, तेथे ती ऐकून घेण्याचे कर्तव्यही आहे. ते कर्तव्य नेमके आज त्या जागेवर राहणाऱ्याचे.

यावर कोणी म्हणेल, ऐकण्यात काय जाते? कान फुकट असतात. गोड बोलून बोळवण करण्याचीच ही एक नवी तऱ्हा! आक्षेप खरा आहे, म्हणून त्याचा विचार करायला हवा. जे ऐकणे काहीच बदलत नाही, ते ऐकणे नव्हेच. कोयनेच्या लोकांची साक्ष वेळेवर ऐकली गेली नाही. पण प्रकल्पांनी उठवलेल्या माणसांचे हाल महाराष्ट्राने पाहिले, आणि १९७६ साली प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. असा कायदा करणारे हे देशातले पहिले राज्य. कोयनेनंतर बारा वर्षांनी तो आला. आमच्या उपयोगी फारसा पडला नाही, पुढच्यांच्या पडला. नव्या मुंबईत जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. जासई-दास्तानच्या बाजूला गोळीबार झाला, पाच जणांचे प्राण गेले. आणि त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ शेतकऱ्याला परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. साडेबारा टक्के! सारे शेत नाही, शून्यही नाही. या आकड्यावर किती तरी वाद होतील आणि अंमलबजावणीवर त्याहून अधिक. पण मला त्यात एक नैतिक अर्थ दिसतो. शहराने कबूल केले की आपण ज्या भुईवर उभे आहोत ती रिकामी नव्हती. कायदा म्हणजे तरी काय? उशिरा ऐकली गेलेली साक्षच पुष्कळदा कायदा होते.

आपल्याकडे ऋण ही कल्पना आहे, हक्कापेक्षा जुनी. देवांचे, ऋषींचे, पितरांचे ऋण घेऊन माणूस जन्माला येतो असे आपण मानीत आलो. सकाळी पाय टेकण्यापूर्वी भूमीची क्षमा मागावी, घर बांधले की वास्तुशांत करावी, ही रीत अजून पुष्कळ घरांत आहे. जागेवर आपल्या आधी कोणी तरी आहे आणि त्याला विचारल्यावाचून आपले राहणे निर्वेध होत नाही, ही जाणीव त्या रीतीत होती. आपण मंत्र ठेवले. त्यांतले ‘कोणी तरी’ मात्र हवेत विरून गेले. ते हवेत नसते. ते बहुधा जवळच्या गावठाणात राहत असते आणि माघात उत्सवाला भेटते. ऋण फेडून संपत नाही, हे खरे. म्हणून ते नाकारायचे नसते; त्याची आठवण ठेवून वागायचे असते. माझ्या आबांनी नीरेला हात का जोडले ते मला आता कळते. जिने घेतले ती नदी आणि जी पोसते ती नदी यांत त्यांनी वैर मानले नाही. पण पूल ओलांडताना गप्प राहण्याचे पथ्यही कधी मोडले नाही.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नव्या मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. त्याच्यासाठी उलव्याचा डोंगर कापला, नदीचा प्रवाह वळवला, गावे उठवली. आता तेथून माणसे जगभर जातील, आणि जावीत. त्यांतला एखादा प्रवासी खिडकीतून खाली पाहत असताना शेजारचा माणूस एकाएकी बोलायचा थांबला, तर तो कोठे उतरला असेल हे त्याने ओळखावे आणि जमल्यास विचारावे, “इथे पूर्वी काय होते?” प्रवासात आपण परक्यांना वेळ विचारतो, पाणी विचारतो. त्या मानाने हा प्रश्न मोठा नाही. पण तो विचारला जातो तेव्हा आठवणीचे हक्कात रूपांतर होण्याची, आणि हक्काचे वैरात रूपांतर होण्याची, गरज पुष्कळशी कमी होते. ज्याचे कोणी ऐकत नाही तोच मोठ्याने ओरडतो.

आता दिवाळी आहे. तुमच्या खिडकीत आकाशकंदील असेल, सज्जावर दिव्यांची माळ असेल. पाण्याचा दाब आणि बोगद्यांतून कोकणात घेतलेली उडी यांनी कोयनेची सुमारे १९६० मेगावॉटची जनित्रे फिरतात, आणि ती वीज राज्याच्या तारांतून तुमच्या-माझ्या घरी येते. कोणत्या बटणामागे कोणत्या नदीचे पाणी आहे हे तारांना सांगता येत नाही. ‘दिव्याखाली अंधार’ असे आपण सहज बोलून जातो. त्या अंधारात कोणाची चावडी आहे, कोणाचा पाणवठा आहे, कोणाच्या परसातला फणस आहे, ते पाहायला काही खर्च येत नाही. दिवा विझवून पाहायचे कारण नाही. दिवा लावावा, फराळ करावा, आनंद करावा. दिवा आहे म्हणूनच खाली वाकून पाहता येते.